बसणाऱ्यानं हलायचं नाही

भुजंगनं डावा डोळा मिटला, पेन्सिल धरलेला हात धर्मराजनानांच्या नाकासमोर ताणला, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या कानशिलात अशी बसली की गोठ्यातला बैल रवंथ करायचा थांबला.

"आज्याच्या डोळ्याची नक्कल करतो?" नाना म्हणाले. "माझ्या ओसरीत, माझ्यासमोर? उद्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध, अन् आज नातू त्याला काणा म्हणून दाखवून राह्यला."

चतुराबाई चुलीपुढून उठून आली तेव्हा तिच्या हातात उलथनं होतं. ते तिनं खाली ठेवलं नाही.

पोरगा नक्कल करत नव्हता हे तिला ठाऊक होतं. हैदराबादच्या चित्रशाळेतून दिवाळीला घरी आल्यापासून तो असंच करत होता. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवायचा आणि गाय स्वतःच्या किती डोक्यांएवढी लांब आहे ते मोजायचं. "दोन्ही डोळ्यांनी पाह्यलं तर पेन्सिल दोन जागी दिसते, आत्या," तो म्हणाला होता. "एकानं माप बराबर येतं." शाळेत ठीक होतं. पण वडीगोद्रीच्या या घरात डावा डोळा मिटायची बंदी होती. नानांच्या बापाचा, पुंजाराम पाटलाचा, डावा डोळा गेला त्या सालापासून नानांपुढं कुणी डावा डोळा नुसता चोळला तरी ते ताटावरून उठत. घरच्या सुनांच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला तर त्या उजवा चोळत, आणि गावात तर असं सांगत की पाटलाच्या घरची मांजरंसुद्धा झोपताना उजव्या कुशीवर झोपतात.

"दादा, तो माप घेत होता," चतुराबाई म्हणाली.

"माप? मी काय सदऱ्याचं कापड हाय?" नाना खोलीत गेले, भुजंगची ट्रंक ओढत बाहेर आले आणि त्यातला कागदांचा भारा त्यांनी अंगणात फेकला. "मला आधीच शक आल्ता. या, पाव्हणे, बघा आमच्या घराण्याची इद्या. हा लंगोटीतला म्हातारा पुढून. हा लंगोटीतला म्हातारा मागून. हा लंगोटीतला म्हातारा बसला, हा उठला. अन् हे तं मढ्याची हाडं. वर्षभर हैदराबादला राहून यानं एक म्हातारा अन् एक मढं शिकलं."

श्राद्धासाठी अंतरवालीहून आलेला नानांचा मेहुणा कचरू पायरीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं एक कागद उचलून उन्हात धरला.

"हा म्हातारा कोण रे, भुजंगा?"

"शाळेत बसायला येतो, मामा. आम्ही त्याला बघून काढतो. त्याची ती नोकरीच हाय."

"बसायची नोकरी?" कचरूनं अडकित्ता खाली ठेवला. "दाजी, रागावू नका, पण माझी वर्णी लावून द्या. मी घरी फुकट बसून राह्यलो."

कुणी हसलं नाही. भुजंग गाल न चोळता कागद गोळा करायला लागला. वीस वर्षांचं पोर, उंच, बापासारखं वाकून चालणारं. त्याचा बाप कारभारी, नानांचा धाकटा भाऊ, खांबाला टेकून उभा होता आणि जमिनीकडं पाहत होता. कारभारीला जमिनीत काय दिसायचं कुणास ठाऊक, पण घरात आवाज चढला की तो तिथंच पाहायचा.

"आधी हाड शिकवतात, नाना," भुजंग म्हणाला. "हाडावर मांस, मांसावर कातडं, मंग त्यावर सदरा. नुसता सदरा काढला तर माणूस होत न्हाई, बुजगावणं होतं."

"कोण म्हणतं?"

"उस्ताद."

"मंग उस्तादालाच विचार, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत न्हाईत का ठेवत्यात." नाना ओसरीच्या कोपऱ्याकडं वळले. तिथं लाकडी चौकटीवर ताणलेल्या, सरस आणि खडूचा हात दिलेल्या मांजरपाटावर पुंजाराम पाटील अर्धे झाले होते. कपाळ होतं, बाकदार नाक होतं, पांढऱ्या मिशा होत्या, उजवा डोळा होता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता खडू. "उद्या सारी भावकी येणार. म्हाताऱ्यानं जन्मात फोटो काढू दिला न्हाई, म्हणून तुला हे सांगितलं. तर तू त्याला एका डोळ्याचा करून चौरंगावर बसवणार? ऐक. दोन डोळे काढ. उघडे, सरळ. हार घालू, पाया पडू, मंग जा तुझ्या हैदराबादला. न्हाई तर ट्रंक माझ्या खोलीत, कुलूप माझं. कापसाच्या गाड्या भरायला मला माणूस कमीच हाय."

चतुराबाईनं भावजयीकडं पाहिलं. नानांची बायको द्वारकाबाई कालपर्यंत पोराच्या बाजूची होती. हळदीकुंकवाला चार बायांना सांगून आली होती की आमचा पुतण्या निजामाच्या शहरात चित्रं शिकतो, उद्या नवाबाचं काढील. पण लंगोटीतला म्हातारा अंगणात पालथा पडलेला पाहून तिचं मन फिरलं होतं.

"नाना म्हणतात त्यात काय वावगं हाय?" ती म्हणाली. "दोन डोळे काढायला काय रंग जास्ती लागतो? अन् गळ्यात गोफ बी काढ. मामंजींचा होता तसला, जाड."

"मोडला तो दुष्काळात," चतुराबाई म्हणाली.

"चित्रात काय मोडत न्हाई, वन्सं."

कारभारी खांबापासून न हलता म्हणाला, "नाना म्हणतील तसं कर, भुजंगा."

या माणसानं लग्न नाना म्हणाले म्हणून केलं, बायको गेली तेव्हा नाना म्हणाले तेवढंच रडला, आणि दोन वर्षांचं पोर बहिणीच्या मांडीवर ठेवून औताला गेला. चतुराबाईच्या हातातलं उलथनं जड झालं. ते भावाला मारावं की भावाला, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती चुलीकडं परत गेली. भाकरी करपली होती.

*

जेवणं झाल्यावर ती मागच्या कडब्याच्या खोलीत गेली. भुजंगनं चौकट तिथं नेऊन ठेवली होती आणि तो खडूच्या त्या पांढऱ्या जागेकडं पाहत बसला होता.

"काढ दोन डोळे," ती म्हणाली. "काढ अन् जा इथून."

"तुला चालतील?"

"मला काय विचारतो? मला कोणी कधी विचारलंय? काढ."

"दोन डोळे मला येत न्हाईत असं न्हाई, आत्या. एका घटकेचं काम. पण मंग तो कोणी दुसराच माणूस होईल. त्याच्या साऱ्या तोंडात तो डोळा होता. मान कशी तिरकी धरायचे, आठवतं? मिशीची डावी बाजू वर ओढलेली. ते सारं त्या डोळ्यापायी. डोळा उघडला तर मान खोटी, मिशी खोटी. मला मंग सारं पुसावं लागेल."

"पूस मंग. इथं सरकीत मरण्यापेक्षा एक खोटी मिशी काढ. दुनिया खोट्या मिशा लावून फिरते."

"अन् मंग हैदराबादला जाऊन काय शिकू?"

तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आज सगळेच त्याला मारत होते, आणि तिला त्याचा राग आला, आणि राग आल्यामुळं तिनं अजून एक घातला.

"मंग काढ की मिटलेला," ती म्हणाली. "कोरी जागा ठेवून काय बसलास?"

"तोच येत न्हाई." त्यानं बाजूचे कागद दाखवले. "नुसता मिटला तर म्हातारा डुलकी घेतो. थोडा आवळला तर बाईला डोळा मारतो. बघ."

तिनं पाहिलं. तिचा बाप, सत्तर वर्षांचा, कागदावरून तिला डोळा मारत होता. तिला हसू आलं आणि तिनं कागद पालथा घातला. त्या डोळ्यावर महिनाभर हळदीचं पोटीस तिनं बांधलं होतं.

"तू मिटून दाखव," तो म्हणाला.

तिनं मिटला. त्यानं मान हलवली. "तुझे डोळे आज्जीचे. बाबाचे बी तसेच. आज्याचे डोळे या घरात फक्त नानाला आलेत. ते बसले असते तर हाड तरी बराबर कळलं असतं, पापणी कुठून पडते ते. पण ते कशाला बसतील?"

"ते मी बघते," चतुराबाई म्हणाली.

*

नानांना बसवणं अवघड नव्हतं. त्यांना फक्त बसवणार नाही असं म्हणावं लागायचं.

"दादा," ती ओसरीत येऊन मोठ्यानं म्हणाली, कचरू आणि अंतरवालीची बाकीची मंडळी पान खात होती तेव्हा. "पोरगा तयार हाय. पण बाच्या डोळ्यासारखा डोळा पाह्यल्याबिगर काढता येत न्हाई म्हणतो. तसा डोळा तुझ्या एकट्याला. मी म्हणलं, राहू दे बाबा. बसणाऱ्यानं हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, असा त्यांच्या शाळेचा कायदा. आमच्या दादाला घटकाभर गप्प बसवणार न्हाई."

"कोण म्हणतं?" नाना म्हणाले.

"मीच म्हणते."

"आण ती पेटी इकडं." नाना धान्याच्या पेटीवर बसले, धोतर नीट केलं, हात गुडघ्यांवर ठेवले. "खांब हलेल, धर्मराज पाटील हलणार न्हाई. काढ रे."

द्वारकाबाई दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याला गप्प बसलेलं पाहायची संधी तिला लग्नानंतर प्रथमच मिळत होती. भुजंगनं चौकट उजेडाकडं वळवली, डावा डोळा मिटून पेन्सिल धरली, आणि या वेळी कुणी त्याला मारलं नाही.

पहिल्यांदा सगळे नुसते पाहत होते. नाना खरंच हलले नाहीत. त्यांच्या नाकावर माशी बसली, फिरली, कंटाळली, गेली. मग कचरूला राहवेना. गप्प बसलेला दाजी म्हणजे मोकळं रान.

"भुजंगा, तुला ठाऊक हाय का तुझ्या आज्याचा डोळा कसा गेला? गोदावरीच्या पाण्यावर वाघ आल्ता. एवढा मोठा, की तोंड वडीगोद्रीत अन् शेपूट अजून शहागडच्या घाटावर. पुंजाराम पाटलानं त्याच्या जबड्यात हात घातला. वाघ म्हणाला, पाटील, हात काढ, डोळा घेतो. सौदा झाला."

"काहीतरीच," अंतरवालीचा एक म्हातारा म्हणाला. "रोहिल्यांची टोळी होती. गोळी डोळ्यातून शिरली अन् कानातून निघाली, अन् जाताना मागच्या रोहिल्याला लागली."

"पोळ्याचा बैल हो," तिसरा म्हणाला. "बिचकला अन् शिंग लागलं. पाटलानं स्वतः सांगितलंय, सगळ्या गावाला."

"मंग वाघाचं मी बी पाटलाच्या तोंडूनच ऐकलंय," कचरू म्हणाला. "खरं काय, दाजी? मान हलवू नका, डोळ्यानं सांगा."

मंडळी हसली. नानांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. बाकी दगड.

चतुराबाई उंबऱ्यावर बसली होती. हसण्याचा आवाज तिच्या कानांत शिरला आणि आत कुठंतरी जाऊन पेटला. तिला वाटलं, ही माणसं माझ्या बापाचा डोळा पानात घालून चघळून राह्यलीत, आणि हा पेटीवर बसून चघळू देतो.

"मी सांगते," ती म्हणाली.

"वन्सं," द्वारकाबाई म्हणाली.

"पोळा होता हे खरं. बैल होता हे बी खरं. मी त्या साली सासरहून आल्ते, कचरूभाऊ. परत धाडली होती मला. बोचकं दाराच्या आत अन् मी दाराबाहेर. बा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. त्यानं मला पाह्यलं, हात पुसले अन् म्हणाला, चतुरी आत ये, नदीकडचं रान तुझं, कोणाच्या दारात जाऊ नको. अन् या घरातला एक माणूस म्हणाला, नांदायला दिलेली पोरगी परत घेत न्हाईत. रान तर बिलकुल देत न्हाईत."

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

"अंबडच्या बाजारातून नवा चाबूक आणला होता. गोंडे लावलेला, मिरवायला. आता तुम्ही सारे शेतकरी, तुम्हाला काय सांगायचं. पोळ्याला बैलाच्या अंगावर चाबूक उगारतात का?"

"न्हाई बा," म्हातारा म्हणाला. "पाप लागतं."

"मंग तो चाबूक वर गेला, तो कोणासाठी?"

नाना हलले नाहीत. पण चतुराबाईला दिसलं. तिच्या शब्दांबरोबर नानांची डावी पापणी आपोआप खाली आली. झोपेसारखी नाही आणि डोळा मारल्यासारखी तर नाहीच. भुवई वरच राहिली, पापणी पडली, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आत ओढला गेला, आणि मिशीची डावी बाजू वर गेली. चाबूक येताना दिसला की माणूस डोळा मिटतो तसा. हळदीच्या पोटिसाखाली महिनाभर तिनं पाहिलेला, शेवटपर्यंत तसाच राहिलेला तो डोळा.

भुजंगनं तो पाहिला. त्याचा हात चालू लागला आणि आता तो माप घेत नव्हता.

"डोळ्यावर धरलेल्या बाच्या बोटांतून रक्त गळत होतं," ती म्हणत होती. थांबली तर पापणी उघडेल, एवढंच तिला कळत होतं. राग आणि ते चित्र आता एकाच दोरीला बांधले गेले होते. "अन् बा म्हणाला, बैलानं शिंग मारलं. पोलिसांचे अमीनसाहेब आले तर हेच सांगायचं, न्हाई तर पोरगं जेलात जाईल. कारभाऱ्याला सांगितलं, मला सांगितलं. वाघ बी त्यानंच सोडला अन् रोहिले बी त्यानंच आणले, म्हणजे लोकं खऱ्याच्या वाटेला जाणार न्हाईत. त्या गरीब बैलाला साऱ्या गावानं मारका म्हणून नाव ठेवलं. मरेपर्यंत त्याच्याजवळ लेकरू फिरकलं न्हाई. त्यानं माशी मारली नव्हती."

कचरूच्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं. तरी सवयीनं तो विचारून बसला.

"मंग चाबूक होता कोणाच्या हातात?"

नाव तिच्या जिभेच्या टोकावर होतं. इतकी वर्षं ते तिथंच बसून होतं, आणि आज त्याला उठायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिनं भुजंगकडं पाहिलं. तो खालच्या पापणीवर आला होता. नाव घेतलं की नाना उठणार, आणि डोळा अर्धा राहणार. तिनं दात आवळले. पोरासाठी. आणि त्याचाही तिला राग आला, की आजही गप्प तिलाच बसावं लागतंय.

"माझ्या," नाना म्हणाले.

ओठ जेमतेम हलले. आवाज मात्र अंगणापर्यंत गेला.

"हलू नका, नाना," भुजंग म्हणाला. "थोडंच राह्यलं."

आणि ते हलले नाहीत. खांबाजवळ कारभारी उभा होता. त्यानं जमिनीवरची नजर उचलली आणि भावाकडं पाहिलं.

*

"झाला डोळा," भुजंग म्हणाल्यावर नाना उठले. पाय आखडले होते. ते लंगडत चौकटीपुढं गेले, बापाच्या डोळ्यासमोर थांबले. मग त्यांचा हात वर गेला. भुजंगनं गाल फिरवला नाही. हात तसाच वर राहिला, मग नानांनी तो खाली घेतला आणि धोतराला पुसला, जसं काही त्याला लागलं होतं.

"हा डोळा कुठं पाह्यलास?"

"आत्ताच पाह्यला. तुमचा."

"आता उद्या काय ठेवायचं चौरंगावर?" द्वारकाबाई रडायला लागली. "भंगलेली मूर्ती ठेवायची का?"

"मूर्ती न्हाई ती," नाना तिच्यावर ओरडले. "बाप हाय माझा." मग ते बहिणीकडं वळले. त्यांचा आवाज आता फाटला होता. "इतकी वर्षं गप्प बसलीस. उद्या पिंड पडेपर्यंत तुला दम निघाला न्हाई? पाव्हण्यांसमोर, पोरासमोर मला पेटीवर बसवून सोललंस."

"तू घटकाभर बसलास, दादा, तर एवढा आखडलास," चतुराबाई म्हणाली. "तुला चित्रासाठी बसवलं. मला नुसतंच बसवलं होतं."

नाना तिच्यापर्यंत आले. मग वळले. कमरेची, ट्रंक ठेवलेल्या खोलीची किल्ली काढून त्यांनी भुजंगच्या पायापाशी फेकली.

"ट्रंक उचल. उद्या श्राद्धाचा घास खा अन् निघ. हैदराबादला जा, मद्रासला जा, कुठं बी जा. वर्षभर या घरात तोंड दाखवू नको. तू इथं राह्यलास तर एकेकाला पेटीवर बसवशील अन् सगळ्यांच्या तोंडातून काय काय काढशील. मला घरात असला माणूस नको."

भुजंगनं किल्ली उचलली. चतुराबाईनं त्याच्या मानेकडं पाहिलं; ती पहिल्यांदा बापासारखी वाकलेली नव्हती.

"गाडी मी जुंपतो," कारभारी म्हणाला. "जालन्याला टेशनावर मी सोडून येतो त्याला."

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले. गोठ्यातला बैल बोलला असता तर एवढं नवल वाटलं नसतं.

"तुला कोणी विचारलं?" नाना म्हणाले.

"कोणी न्हाई," कारभारी म्हणाला.

नाना ओसरीत दोनदा इकडून तिकडं गेले. पाहुण्यांनी वहाणा शोधायला सुरुवात केली. कचरू काहीतरी विनोद करणार होता, पण त्यानं सुपारी तोंडात टाकली आणि तोंड मिटलं. नाना पुन्हा चौकटीपुढं थांबले.

"आता काय राह्यलं याच्यात?"

"खांदे," भुजंग म्हणाला.

नाना जाऊन पेटीवर बसले. धोतर सारखं केलं, हात गुडघ्यांवर ठेवले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मंग उरक जल्दी," ते समोर पाहत म्हणाले. "अन् तिला म्हणावं, आता तरी गप्प बस."

चतुराबाई उंबऱ्यावरून उठली, ओसरीत आली आणि बरोबर त्यांच्या नजरेसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"मी बोलणार हाय," ती म्हणाली. "तू हलू नको."